सुट्या भागांचा पूर्वाश्रम

आगगाडीची प्रतिकृती पाहणाऱ्याची नजर सहसा रुळांच्या वरच राहते. बोगद्यातून बाहेर पडणारे इंजिन, फलाटावर उभी असलेली बोटाच्या पेराएवढी माणसे, सिग्नलचा हिरवा झालेला ठिपका, वळणावर किंचित कलणारे डबे, एवढ्यावर तिचे समाधान होते. ज्या फळीवर हा सारा देखावा मांडलेला असतो, तिच्या खाली वाकून पाहण्याची इच्छा फार थोड्यांना होते. तिथे रंगीबेरंगी तारांच्या जुड्या, डाग दिलेले सांधे, गुंडाळ्या आणि कधी काळी दुसऱ्याच एखाद्या यंत्रात काम करून आलेले असंख्य सुटे भाग लटकत असतात. वरचे जग रेल्वेचे असते; खालचे मात्र टेलिफोनचे, टेपरेकॉर्डरचे, मोटारीचे आणि संगणकाचे असते. संन्याशाला त्याचा पूर्वाश्रम विचारू नये, असा संकेत आहे. या भागांच्या बाबतीत तो पाळता येत नाही. त्यांचा पूर्वाश्रम विचारल्यावाचून त्यांना नव्या कामाला लावताच येत नाही, आणि त्यांचा शोध म्हणजे बव्हंशी हीच विचारपूस असते.

या छंदाच्या आरंभीच अशी एक उसनवारी आढळते. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायनल कोवेन यांनी १९०० च्या सुमारास दुकानाच्या काचेमागील मालाकडे येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष वेधण्यासाठी विजेवर रुळावरून फिरणारी एक उघडी वाघीण तयार केली. तिच्यातली मोटर मुळात त्यांनीच योजलेल्या एका छोट्या पंख्याची होती. गिऱ्हाइके मांडलेल्या मालाऐवजी ती वाघीणच विकत मागू लागली, आणि त्यातून पुढे अमेरिकेतला खेळण्यातल्या गाड्यांचा एक मोठा उद्योग उभा राहिला, अशी हकीकत सांगितली जाते. पंखा विस्मृतीत गेला, गाडी राहिली. एका कामासाठी घडविलेली वस्तू दुसऱ्या कामात अधिक शोभून दिसावी, ही घटना या छंदाच्या इतिहासात पुढे वारंवार घडलेली आहे.

असे असले तरी व्यवसायाची वाट अर्थातच वेगळी होती. जर्मनीतील गोपिंगेन येथील मेर्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत चावीवर धावणारी गाडी मांडली. तिचे रूळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखे जोडलेले होते, आणि ते ठराविक मापांचे असल्यामुळे पुढे हवे तेवढे वाढविता येत होते. वरवर साधी दिसणारी ही कल्पना दूरगामी ठरली. तोपर्यंत खेळणे घरात आले की ते पूर्ण असे. यापुढे ते कायमचे अपुरे राहू लागले. दरवर्षी त्याला थोडे रूळ, एखादा सांधा, एखादा डबा यांची भूक लागू लागली, आणि ती भागविणारा पुरवठादार हा खेळाचाच एक भाग होऊन बसला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये आपल्या गाड्या बाजारात आणल्या. १९३८ मध्ये त्यांच्या कंपनीची ‘डब्लो’ ही लहान मापाची मालिका आली आणि ती बारा व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणारी होती. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने रूळ, चाके आणि विद्युत्‌जोडणी यांची मानके ठरविण्याचे काम हाती घेतले. एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर धावावे, एवढीच त्यामागची साधी अपेक्षा होती. ती पूर्ण होण्यास कित्येक वर्षे लागली, कारण प्रत्येक कंपनीला गिऱ्हाईक आपल्याच खोक्याशी बांधून ठेवायचे होते.

भारतातील छांदिष्टाला हे खोके दुरूनच पाहावे लागले. १९९१ पूर्वीच्या परवान्यांच्या काळात खेळण्यातल्या गाडीसाठी परकी चलन मिळणे ही कल्पनाच हास्यास्पद होती. परदेशी गेलेल्या एखाद्या आप्ताच्या बॅगेतून इंजिन येई. पण त्याबरोबर रोहित्र येत नसे, आणि आलेच तर ते निराळ्या विद्युत्‌दाबाचे असे. एप्रिल २००१ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठले, तरी किंमत आणि जकात ही कुंपणे उरलीच. त्यातही एक अडचण अशी होती, की तिला पैशाचा इलाज नव्हता. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले ‘एचओ’ हे माप सत्याऐंशी पट लहान असते आणि त्यातले रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात. हे अंतर युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून आलेले आहे. भारतातील रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा असतो. तो त्याच प्रमाणात लहान केला तर सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो. म्हणजे डेक्कन क्वीनची प्रतिकृती विकतच्या रुळांवर ठेवली की ती पावणेतीन मिलिमीटरने खोटी ठरते. उलट एके काळच्या बार्शी लाईट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा मार्ग याच प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरचा होतो, आणि ‘एन’ या सर्वांत लहान प्रचलित मापांपैकी एकाचे नऊ मिलिमीटरचे रूळ त्याला जवळजवळ चपखल बसतात. सोलापूर जिल्ह्यातील त्या छोट्या गाडीला जे अनायासे लाभते, ते मुंबईच्या मेलगाडीला खटपट करूनही लाभत नाही. ज्याला खोट्या रुंदीचे शल्य सोसवत नाही, तो स्वतःच रूळ घडवितो. आणि रूळ स्वतः घडविणारा माणूस विजेचे भागही कंपनीच्या खोक्यात शोधत बसत नाही. तो बाजाराची वाट धरतो.

हा बाजार भारताच्या प्रत्येक मोठ्या शहरात आहे आणि त्याचा चेहरा थोड्याफार फरकाने सारखाच आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, कोलकात्याचा चांदणी चौक, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड, पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर. अरुंद गल्ल्या, दोन हात रुंदीची दुकाने, भिंतीभर लहान लहान खणांचे कप्पे, आणि त्या कप्प्यांचा नकाशा केवळ स्मरणात बाळगणारा दुकानदार. नोकरीनिमित्त एका प्रांतातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाला भाजीबाजारात जो परकेपणा जाणवतो, तो इथे जाणवत नाही. कारण इथे एक लिपी देशभर चालते. ‘वन एन फोर डबल ओ सेव्हन’ असे म्हटले, की तामिळ, बंगाली आणि कानडी दुकानदार एकच काळा डायोड काढून समोर ठेवतात. ‘ट्रिपल फाइव्ह’ म्हटले, की आठ पायांची तीच एक चकती पुढे येते. ही चकती १९७२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली आणि तेव्हापासून जगभर वेळ मोजण्याच्या किरकोळ कामांवर राबत आहे. प्रतिकृतीतील फाटकावरचे दोन तांबडे दिवे आळीपाळीने लुकलुकतात ते तिच्याच जोरावर.

ज्याला क्रमांक ठाऊक आहे, त्याचे काम क्षणात होते. पण छांदिष्टाला जे हवे असते, त्याला पुष्कळदा क्रमांक नसतो, नावही नसते. त्याला एक क्रियापद ठाऊक असते. काहीतरी ओढले गेले पाहिजे, काहीतरी तुटले पाहिजे, काहीतरी क्षणभर पेटून विझले पाहिजे. पासोड्या विठोबापाशी असा संवाद कोणत्याही दुपारी घडू शकतो.

“काका, असं काही आहे का, की करंट दिला की दांडी आत ओढेल, उलटा दिला की बाहेर ढकलेल?”

“कशाला बसवायचंय?”

“रूळ सरकवायला.”

“कसले रूळ?”

“आगगाडीचे. लहान. टेबलावरचे.”

दुकानदार थोडा वेळ समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. मग म्हणतो, “म्हणजे मोटारच्या दाराचं कुलूप लागतं, तसंच म्हणा की! ते आमच्याकडं नाही मिळायचं. मोटारच्या सामानवाल्याकडं जा, आणि चार दारांचा सेट घेऊ नका, सुटं मागा.”

या उत्तरात विक्री झालेली नाही. दुकानदाराने एक रुपयाही मिळविलेला नाही. उलट गिऱ्हाईक दुसऱ्याकडे धाडले आहे. परंतु एका धंद्यातली गरज त्याने दुसऱ्या धंद्याच्या भाषेत क्षणार्धात मांडून दाखविली, आणि वर खरेदीतली एक खाचही सांगितली. मोटारीच्या दाराचे हे उपकरण बारा व्होल्टवरच चालते आणि प्रवाहाची दिशा पालटली की उलट सरकते, हे खरे. मात्र त्याचा धक्का प्रतिकृतीतल्या नाजूक सांध्याला सोसवत नाही. म्हणून दोहोंच्या मध्ये लवचीक पोलादी तारेचा एक तुकडा घालावा लागतो. दणकट वस्तूला अदब शिकविण्याचे काम ती तार करते.

इथे या फळीखालच्या व्यवहाराचे व्याकरण थोडक्यात समजून घेणे इष्ट ठरेल. साध्या पद्धतीत दोन्ही रुळांतून प्रवाह नेलेला असतो: एका रुळातून तो येतो, इंजिनातील मोटरमधून जातो आणि दुसऱ्या रुळातून परततो. विद्युत्‌दाब वाढविला की वेग वाढतो. दोन्ही रुळांची अदलाबदल केली की गाडी मागे फिरते. म्हणून पहिली गरज असते ती सहा टोकांच्या उलटापालट करणाऱ्या खटक्याची. दोन गाड्या एकाच मार्गावर हव्या असतील तर रूळ मधूनमधून कापून त्यांचे स्वतंत्र टप्पे करावे लागतात, आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र खटका लागतो. मार्ग वळसा घेऊन पुन्हा स्वतःलाच येऊन मिळाला तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि सारी वीज क्षणात आडवाटेने वाहून जाते; खऱ्या रेल्वेला न भेडसावणारी ही अडचण केवळ प्रतिकृतीची आहे. सांधा हलविणाऱ्या जोड गुंडाळीला तर प्रवाह फक्त निमिषभरच द्यावा लागतो. बोट बटणावर थोडे रेंगाळले तरी गुंडाळी तापते, तिचा लेप जळतो आणि करपल्याचा वास खोलीभर पसरतो. यावरचा उपाय मोठा मार्मिक आहे. एका कंडेन्सरमध्ये वीज साठवून ठेवायची आणि बटण दाबताच ती एकदम सोडायची. साठा संपला की बटण कितीही वेळ दाबले तरी पुढे काही वाहत नाही. माणसाच्या बोटाची चूक वस्तूच्या स्वभावाने झाकली जाते.

‘कंडेन्सर’ हा शब्द इथे मुद्दाम योजला आहे. पाठ्यपुस्तकात या वस्तूला धारित्र म्हणतात आणि इंग्रजीतही तिचे जुने नाव मागे पडून ‘कपॅसिटर’ रूढ झाले. बाजारात मात्र पंख्याचा कंडेन्सर कंडेन्सरच राहिला. ‘रोधक’ म्हटले तर दुकानदार बुचकळ्यात पडतो. ‘रेझिस्टन्स’ म्हटले की रंगीत पट्ट्यांचा तुकडा लगेच हाती ठेवतो. सिग्नलमध्ये बसणाऱ्या अतिलहान दिव्याला इंग्रजीत गव्हाच्या दाण्यावरून नाव पडले आहे, आणि त्याहूनही लहान असेल तर तांदळाच्या दाण्यावरून. मराठी गिऱ्हाइकाने काउंटरवर “गव्हाएवढा दिवा आहे का?” असे विचारले तर कोशाच्या मदतीवाचून काम भागते. आता त्याची जागा एलईडीने घेतली आहे. तांबड्या एलईडीला स्वतःसाठी सुमारे दोनच व्होल्ट पुरतात. बाराच्या प्रवाहावर लावावयाचा तर उरलेले दहा व्होल्ट वाटेत अडविणारा हजार ओहमचा रेझिस्टन्स जोडावा लागतो. तो विसरला तर दिवा एकदाच, अतिशय तेजस्वीपणे, पेटतो.

परंतु या शोधातला खरा धडा मिळतो तो जुन्या वस्तूंकडून. कॅसेटचा जमाना ओसरल्यावर टेपरेकॉर्डरच्या मोटरी भंगारात कवडीमोलाने मिळू लागल्या. बारा व्होल्टच्या, आकाराने लहान, आवाजाने सौम्य. इंजिनात बसवायला याहून योग्य काय असणार? छांदिष्ट ती हौसेने घरी आणतो, प्रवाह जोडतो, आणि चकित होतो. दाब कमीअधिक केला तरी मोटर आपला वेग बदलत नाही. गाडी एकतर उभी असते, नाहीतर एकाच गतीने धावत असते. कारण उघड आहे: गाण्याचा सूर हलू नये म्हणून त्या मोटरीच्या पोटातच वेग स्थिर राखणारे नियंत्रक बसविलेले असते. आयुष्यभर तिने एकच गोष्ट निष्ठेने केली, सूर ढळू दिला नाही. तिचे कवच उघडून ते नियंत्रक अलगद काढून टाकल्यावाचून ती इंजिनाची होत नाही. संगणकाच्या वीजपेटीची कथा निराळी. ती बारा व्होल्ट निमूटपणे देते, गाडी घसरून रूळ एकमेकांना भिडले तर स्वतःहून बंदही होते. मात्र तिच्यात एवढा प्रवाह पुरविण्याचे सामर्थ्य असते, की अर्धवट भिडलेल्या जागी बारीक तार लालबुंद होऊ शकते. संगणकाच्या भुकेच्या मापाने बनविलेल्या वस्तूला चिमुकल्या इंजिनाची भूक कळत नाही. म्हणून मध्ये फ्यूज घालावा लागतो.

या सर्व उसन्या भागांत मानाचे पान टेलिफोनच्या रिलेचे. प्रवाह मिळताच आपल्या चुंबकाने एक पट्टी ओढून दुसऱ्या मंडलाचे संपर्क जोडणारी किंवा तोडणारी ही वस्तू. कॅन्सस सिटीतील अल्मन स्ट्राउजर नावाच्या, अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांना आपली गिऱ्हाइके टेलिफोन जोडणारी चालिका दुसरीकडे वळविते असा संशय होता; त्यातून चालिकेविना चालणाऱ्या टेलिफोनकेंद्राची कल्पना निघाली आणि तिचे एकस्व त्यांना १८९१ मध्ये मिळाले. मेर्कलिनने लाइपझिगला रूळ मांडले तेच हे वर्ष. या दोन शोधांची गाठ अर्धशतकाहून अधिक काळाने अमेरिकेत पडली. केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांनी आगगाडीच्या प्रतिकृतींचा एक क्लब स्थापन केला. युद्धकाळात रडारच्या संशोधनासाठी घाईने उभारलेल्या एका लाकडी इमारतीत त्याची जागा होती. क्लबचे दोन तट होते. एक डबे रंगविणाऱ्यांचा आणि डोंगर रचणाऱ्यांचा. दुसरा ‘सिग्नल आणि वीज’ उपसमितीचा, ज्याचे लक्ष फक्त फळीखाली. टेलिफोन कंपनीकडून शिक्षणसंस्थांना भेटीदाखल मिळणारे रिले आणि निवडक खटके या मंडळींनी गोळा केले आणि टेलिफोनच्या तबकडीवर आकडा फिरवून गाडीचा ताबा घेता येईल अशी व्यवस्था उभी केली. पुढे संस्थेत संगणक आले तेव्हा हीच मुले रात्री-अपरात्री त्यांच्याकडे वळली. ‘हॅक’ हा शब्द संगणकाच्या जगात याच खोलीतून गेला; १९५९ मध्ये क्लबच्या पीटर सॅमसन या सदस्याने तिथल्या बोलीचा जो छोटा कोश केला, त्यात तो नोंदलेला आहे. १९६२ मध्ये तिथेच ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरील खेळ रूप घेत असताना खेळाडूंच्या हातात धरायच्या पेट्या हव्या होत्या. त्यांचे सामान ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी याच क्लबाच्या अडगळीतून शोधले. टेलिफोनकडून आगगाडीकडे आणि आगगाडीकडून संगणकाकडे असा हा सुट्या भागांचा प्रवास आहे.

भारतात ही वाट अधिक उशिरा आणि भंगाराच्या दुकानातून आली. १९४८ मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि स्ट्राउजर पद्धतीची केंद्रे देशात बनू लागली. १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाल्यानंतरच्या दशकांत ही खडखडणारी केंद्रे इलेक्ट्रॉनिक केंद्रांनी पालटली, आणि मोडीत निघालेले रिले किलोच्या भावाने विकले गेले. मुंबईच्या चोरबाजारात किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात चिंधीवर मांडलेल्या लोखंडात असा रिले ओळखू येणे, ही विद्याच होय. त्यातही पूर्वाश्रम आडवा येतो. टेलिफोनकेंद्र सुमारे पन्नास व्होल्टवर चालत असल्यामुळे त्याच्या बहुतेक गुंडाळ्या बाराला दाद देत नाहीत. म्हणून जाणता माणूस खिशात मल्टिमीटर घेऊन जातो आणि गुंडाळीचा रोध मोजून कमी रोधाचा रिले निवडतो. विकणाऱ्याच्या लेखी सारे लोखंड सारखेच असते. घेणाऱ्याच्या लेखी ढिगातला एकच तुकडा जिवंत असतो.

ही निवड भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. मराठीने चावी, बिजागरी, पगार हे शब्द पोर्तुगिजांकडून घेतले आणि कारखाना फारसीतून आणला. आगगाडी आली तेव्हा तिने ‘प्लॅटफॉर्म’चा फलाट करून टाकला, सिग्नल जसाच्या तसा ठेवला, आणि ‘सांधेवाला’ हा शब्द स्वतःच्या घरातून काढून दिला. उसना शब्द भाषेत रुळतो तेव्हा त्याच्या पोटातले काहीतरी काढून टाकलेले असते, त्याला कुठेतरी लवचीक तारेचा तुकडा जोडलेला असतो. शब्द नव्या वाक्यात चालू लागला की त्याचे मूळ गाव कोणी विचारत नाही; कोश मात्र ते विसरत नाही. फळीखालच्या जगाला असा कोश नसतो, आणि नेमके इथेच या छंदातले खरे दुखणे आहे.

ते दुखणे असे, की बांधणारा माणूस जातो आणि मांडणी मागे राहते. वीस-तीस वर्षे एकाच्या हाताने वाढत गेलेली ही व्यवस्था दुसऱ्याला वाचता येत नाही. हिरवी तार कुठून निघते, तिसऱ्या रिलेवर सातवा संपर्क मोकळा का सोडला, कोणता कंडेन्सर कुठल्या यंत्रातून काढला, हे त्याच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर जाते. मग एखाद्या पावसाळ्यात एक संपर्क गंजतो. गाडी एका टप्प्यावर थांबते. मुले कर्ती असतात, त्यांना वडिलांच्या छंदाविषयी प्रेमही असते. पण नेमके काय आणावे आणि कोणाकडून, हे त्यांना ठाऊक नसते. काही महिने फळीवर चादर पडून राहते. पुढे घर बदलताना इंजिने कपाटात जातात आणि फळी तोडली जाते. एका चाळीस रुपयांच्या भागापायी एका माणसाचे आयुष्यभराचे काम मुके होते.

कंपनीच्या खोक्यावर सारी भिस्त ठेवणाऱ्यांनाही यातून सुटका मिळालेली नाही. १९६४ मध्ये हॉर्नबीच्या मूळ कंपनीची मालकी बदलली, ‘डब्लो’ बंद पडली, आणि तिच्या तीन रुळांच्या गाड्या जपणाऱ्यांना त्यानंतर एकमेकांच्या अडगळीवरच अवलंबून राहावे लागले. मेर्कलिनने आपल्या दीडशेव्या वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केला. ती पुढे सावरली, पण तेवढ्या काळात जगभरच्या छांदिष्टांना आपण कशाच्या आधारावर उभे आहोत हे कळून चुकले. १९९० च्या दशकात अमेरिकन संघटनेने रुळांतूनच सांकेतिक आज्ञा पाठविण्याच्या पद्धतीचे मानक स्वीकारले. प्रत्येक इंजिनात एक लहानसा संगणक बसतो, टप्पे कापण्याची गरज पुष्कळशी संपते, तारांची संख्या घटते. सोय मोठी आहे. परंतु करपलेली गुंडाळी पुन्हा भरता येते. बंद पडलेली चकती कोणत्याही गल्लीतला कारागीर उघडू शकत नाही.

बाजारही पालटला आहे. खणांच्या कप्प्यांच्या जागी मोबाइलची कव्हरे लटकू लागली, आणि सुटे भाग पडद्यावरच्या यादीतून मागविण्याची रीत रूढ झाली. पडद्यावर वस्तू अगणित आहेत, भाव उघड आहेत, आणि आडगावच्या छांदिष्टाला पूर्वी जे दुर्लभ होते ते आज टपालाने घरपोच मिळते. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र यादीत शोधायचे तर नाव आधी ठाऊक असावे लागते. काउंटरवर नाव नसतानाही शोध सुरू होत असे. हाताच्या हालचालीवरून, आवाजाच्या नकलेवरून, “असं असं करणारं काहीतरी” एवढ्या वर्णनावरून. क्रियापद सांगितले की नाम मिळे. त्या दुकानदाराने गल्ला आवरला की त्याच्याबरोबर हा अलिखित शब्दार्थही आवरला जातो.

तरीही मांडणी माणसापलीकडे टिकू शकते, याचे उदाहरण दूर नाही. पुण्याला कोथरुडमध्ये, ज्या रस्त्याला जी. ए. कुलकर्णी यांचे नाव आहे त्या रस्त्यावर, भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून उभे राहिलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी ते चालू ठेवले आहे. तिथे येणारी मुले काचेला नाक लावून इंजिने मोजतात, आणि ते स्वाभाविक आहे. चालत्या गाड्यांहून अधिक नवलाची गोष्ट ही, की त्या अजून चालत आहेत. कोणीतरी त्यांच्या खाली वाकून पाहण्याची विद्या दुसऱ्याच्या हाती सोपविली आहे.

ही विद्या सोपविण्याचे साधन अगदी साधे असते: रेघी कागदाची, कडा मळलेली एक वही. जाणते छांदिष्ट ती ठेवतात. तिच्यात कोणत्या रंगाची तार कुठून कुठे जाते ते असते, दुकानांच्या गल्ल्या असतात, कोण सुटे देतो आणि कोण डझनाखाली बोलत नाही याची नोंद असते. प्रत्येक भागासमोर त्याचा पूर्वाश्रम लिहिलेला असतो: अमुक टेपरेकॉर्डरची मोटर, नियंत्रक काढलेले, अमुक केंद्रातला रिले, कमी रोधाचा. आणि शेवटच्या रकान्यात, पुढे कधीतरी बॅटरीच्या उजेडात फळीखाली शिरणाऱ्या कोणा अनोळखी माणसासाठी, ही वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी कोणती चालेल, ते लिहिलेले असते.